९० वर्षांचे आजोबा डोपिंगमध्ये सापडले होते! चाळिशीनंतरच्या हौशी सायकल शर्यतींत औषधं येतात कुठून?

बक्षीस काय, तर एक जर्सी आणि एक मेडल. स्पॉन्सर नाही, मॅच फी नाही, टीव्हीवर दिसण्याचा तर विषयच नाही. उलट एन्ट्री फी, सायकल, टायर, प्रवास, हॉटेल असा सगळा खर्च स्वतःच्या खिशातून. रविवारी शर्यत झाली की सोमवारी सकाळी पुन्हा ऑफिस, दवाखाना नाहीतर दुकान. अशा शर्यतीत कुणी रक्तातल्या तांबड्या पेशी वाढवणारं इंजेक्शन टोचून उतरेल का?

उतरतात. आणि हे चोरून-लपून कुजबुजलं जाणारं गॉसिप राहिलेलं नाही. जागतिक सायकलिंगच्या अधिकृत चौकशी अहवालात ते छापून आलंय.

जानेवारी २०२६ मध्ये पुणे ग्रँड टूर झाली. यूसीआय म्हणजे सायकलिंगची जागतिक संघटना. तिच्या २.२ दर्जाची, ४३७ किलोमीटरची ही शर्यत पुणे जिल्ह्याच्या रस्त्यांवरून गेली. परदेशी संघांचा तो रंगीत घोळका डोळ्यांसमोरून सुसाट जाताना पाहिल्यावर अनेक चाळिशी-पन्नाशीतल्या सायकलवाल्यांच्या मनात एक प्रश्न आला असणार, आपल्या वयाच्या लोकांसाठी असं काही नसतं का? असतं. त्याला ‘मास्टर्स’ म्हणतात. पण त्या जगाची एक बाजू आपल्याकडं फारशी बोलली जात नाही.

आधी आजोबांचं प्रकरण बघू.

कार्ल ग्रोव्ह यांचं काय झालं होतं?

अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातले कार्ल ग्रोव्ह. जुलै २०१८ मध्ये पेनसिल्व्हेनियात मास्टर्स गटाची राष्ट्रीय ट्रॅक सायकलिंग स्पर्धा होती. ग्रोव्ह तेव्हा ९० वर्षांचे होते आणि ९० ते ९४ या वयोगटात उतरले होते. ११ जुलैला त्यांनी आपल्या वयोगटातला जागतिक विक्रम केला. त्याच दिवशी त्यांच्या लघवीचा नमुना घेतला गेला आणि त्यात ट्रेनबोलोनचा अंश सापडला.

ट्रेनबोलोन हे स्नायू वाढवणारं स्टेरॉईड आहे. अमेरिकेत मांसासाठी पाळलेल्या जनावरांचं वजन वाढावं म्हणून ते वापरतात.

आता गंमत अशी की आदल्या दिवशी, १० जुलैला, याच आजोबांची चाचणी निगेटिव्ह आली होती. मग एका रात्रीत झालं काय? अमेरिकेच्या डोपिंगविरोधी संस्थेनं, म्हणजे यूसाडानं, जी माहिती तपासली त्यावरून असं दिसलं की १० तारखेच्या रात्री त्यांनी जेवणात लिव्हर खाल्लं होतं. स्टेरॉईड आलं ते बहुधा त्यातून. तपासात आणखी एक गोष्ट निघाली. ते घेत असलेल्या एका सप्लिमेंटमध्ये क्लोमिफीन हे बंदी असलेलं औषध मिसळलेलं होतं. लेबलवर त्याचा पत्ता नव्हता.

जानेवारी २०१९ मध्ये निकाल आला. निलंबन नाही, फक्त जाहीर ताकीद. पण त्या दिवशीचा विक्रम गेला तो गेलाच.

बातमी जगभर फिरली. मीम झाले. ‘जगातला सर्वात म्हातारा डोपर’ अशा हेडलाइन झाल्या. हसण्याच्या नादात मुद्दा मात्र सगळ्यांच्याच हातून निसटला. ज्या यंत्रणेच्या जाळ्यात लिव्हर खाल्लेले आजोबा अडकतात, त्याच जाळ्यातून ठरवून औषध घेणारे किती जण आरामात निघून जात असतील?

मास्टर्स म्हणजे नेमकं कोण?

देशानुसार आणि स्पर्धेनुसार थोडा फरक पडतो, पण साधारण तिशी-पस्तिशीनंतर जो व्यावसायिक संघात नाही तो मास्टर्स. त्यात बहुतेक ठिकाणी पाच-पाच वर्षांचे गट असतात. ४० ते ४४, ४५ ते ४९ असं करत पुढं. म्हणजे ५९ व्या वर्षी आपल्या गटात सगळ्यात म्हातारा असलेला माणूस ६० व्या वाढदिवसानंतर पुढच्या गटातला सगळ्यात तरुण खेळाडू होतो. वय वाढल्याचा आनंद होणारी जी मोजकी ठिकाणं जगात आहेत, त्यातलं हे एक.

यूसीआयनं २०११ पासून हौशी सायकलपटूंसाठी जागतिक मालिका सुरू केली. आज तिला ग्रॅन फोंडो वर्ल्ड सिरीज म्हणतात. वर्षभर वेगवेगळ्या देशांत पात्रता शर्यती होतात, आपापल्या वयोगटात वरच्या ठराविक टक्क्यांत आलेल्यांना जागतिक स्पर्धेचं तिकीट मिळतं. २०२४ ची स्पर्धा डेन्मार्कमध्ये झाली, २०२५ ची ऑस्ट्रेलियात. जिंकणाऱ्याला इंद्रधनुषी पट्ट्यांची जर्सी मिळते. व्यावसायिक विश्वविजेत्याला मिळते तशीच. पेशानं प्लंबर असा, वकील असा, नाहीतर शाळामास्तर, तुमच्या वयोगटाचे तुम्ही विश्वविजेते.

त्या जर्सीची ओढ काय असते, हे बाहेरच्याला कळणं अवघड आहे. फ्रान्सच्या रॉबेर मार्शां यांचं उदाहरण घ्या. जन्म १९११ चा. जानेवारी २०१७ मध्ये, वयाच्या १०५ व्या वर्षी, त्यांनी एका तासात २२.५४७ किलोमीटर सायकल चालवली. त्या वयासाठी गटच नव्हता, तो यूसीआयला तयार करावा लागला. संशोधकांनी त्यांना तपासलं तेव्हा १०१ ते १०३ या वयात त्यांची शरीरात ऑक्सिजन वापरण्याची क्षमता सुमारे १३ टक्क्यांनी वाढलेली निघाली. वाढलेली! शंभरीनंतर, नियमित सरावानं. २०२१ मध्ये १०९ व्या वर्षी ते गेले.

मास्टर्स सायकलिंगची खरी ताकद मार्शां यांच्यासारख्या माणसांत आहे. अडचण सुरू होते ती ४० ते ६० च्या मधल्या पट्ट्यात.

चाळिशीत शरीरात काय होतं?

व्यायाम न करणाऱ्या माणसाची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता दर दहा वर्षांनी साधारण १० टक्क्यांनी घसरते. कसून सराव करणाऱ्यात घसरण कमी असते, पण थांबत नाही. स्नायू कमी होतात. सगळ्यात जास्त जाणवतं ते म्हणजे थकवा भरून निघायला लागणारा वेळ. पंचविशीत रविवारची शर्यत मंगळवारपर्यंत विसरायला होते, पंचेचाळिशीत ती गुरुवारपर्यंत मांड्यांत बसून असते.

सपाट रस्त्यावरच्या शर्यतीत हे लपवता येतं. कारण सायकलिंगमध्ये मुख्य शत्रू हवा असते. पुढच्याच्या मागे चिकटून चालवलं की एरवी लागणाऱ्या ताकदीतली बरीच मोठी ताकद वाचते. अनुभवी माणूस घोळक्यात कुठं लपायचं, वाऱ्याची दिशा कुठली, कुणाच्या मागे राहायचं हे ओळखतो आणि शेवटच्या ५०० मीटरपर्यंत पाय राखून ठेवतो. म्हणून पन्नाशीतले लोक पंचविशीतल्यांना कधीकधी चकवतात.

चढ आला की मात्र सोंग संपतं. घाटात वेग कमी होतो, हवेचा अडथळा कमी होतो आणि राहतो फक्त एक हिशोब. तुमचे पाय किती वॅट ताकद देतात भागिले तुमचं वजन किती. बोरघाटात मुंबई-पुणे शर्यतीचा ‘घाटाचा राजा’ का ठरवतात, त्याचं उत्तर हेच. पॉवर मीटर लावलेल्या आजच्या सायकलपटूला हा आकडा दशांशापर्यंत रोज मोबाईलवर दिसतो. गेल्या वर्षीपेक्षा तो कमी झालाय हेही दिसतं.

आणि इथंच डॉक्टर येतो.

‘मी कुठं डोपिंग करतोय? मला तर डॉक्टरनं दिलंय!’

डोपिंग म्हटलं की अंधाऱ्या खोलीत सिरिंज असं चित्र आपल्यासमोर येतं. मास्टर्स गटात सुरुवात बऱ्याचदा चकचकीत क्लिनिकमध्ये होते. माणूस जातो, सांगतो की थकवा येतो, झोप नीट नाही, उत्साह नाही. रक्ततपासणीत टेस्टोस्टेरॉन वयानुसार थोडं कमी निघतं. डॉक्टर जेल किंवा इंजेक्शन लिहून देतो. कागदावर सही-शिक्का असतो. माणसाला वाटतं, आपण उपचार घेतोय.

ॲन्ड्र्यू टिलिन नावाच्या अमेरिकी पत्रकारानं हे स्वतःवर करून बघितलं. चाळिशीतला, बायको-मुलं असलेला, हौशी शर्यतींत उतरणारा माणूस. त्यानं साधारण वर्षभर टेस्टोस्टेरॉन घेतलं आणि त्या काळात शर्यतीही केल्या. शरीरात काय बदललं, मनात काय बदललं, घरातल्या नात्यांवर काय परिणाम झाला, हे सगळं त्यानं लिहिलं. २०११ मध्ये पुस्तक आलं, त्याचं नाव मराठीत सांगायचं तर ‘शेजारच्या घरातला डोपर’. आपण जे केलं ते नियमाविरुद्ध होतं हे त्यानं मान्य केलं आणि त्याच्यावर दोन वर्षांची बंदी आली. पुस्तकाचं नावच सगळं सांगून जातं. औषध मिळवण्यासाठी त्याला कुठल्या माफियाकडं जावं लागलं नव्हतं.

अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१५ मध्ये स्पष्ट केलं की केवळ वय वाढल्यामुळं कमी झालेल्या टेस्टोस्टेरॉनसाठी ही औषधं मंजूर नाहीत. खेळाचे नियम तर त्याहून कडक. आजारासाठी बंदी असलेलं औषध घ्यावं लागत असेल तर खेळाडू उपचारासाठीची सवलत मागू शकतो, तिला टीयूई म्हणतात. पण टेस्टोस्टेरॉनसाठी ती मिळते फक्त ठोस वैद्यकीय कारण असेल तरच. उदाहरणार्थ, अंडकोष किंवा पिट्युटरी ग्रंथीचा आजार. ‘वय झालं, दम लागतो’ हे कारण चालत नाही. आणि तसं बघितलं तर ते बरोबरच आहे. वयोगट पाडलेत ते त्यासाठीच ना? समोरच्याचंही वय झालेलं असतं.

ईपीओ आणि मोंट व्हाँतू

टेस्टोस्टेरॉन ही पहिली पायरी. पुढची पायरी म्हणजे ईपीओ, किडनीच्या रुग्णांना रक्त वाढण्यासाठी देतात ते इंजेक्शन. तांबड्या पेशी वाढल्या की स्नायूंना ऑक्सिजन जास्त मिळतो. नव्वदच्या दशकात व्यावसायिक सायकलिंग यानंच पोखरलं.

२०१५ मध्ये यूसीआयनं नेमलेल्या स्वतंत्र आयोगाचा अहवाल आला. जगाचं लक्ष होतं लान्स आर्मस्ट्राँगवर. पण त्यात हौशी सायकलिंगवरही काही परिच्छेद होते आणि ते जास्त धक्कादायक होते. हौशी गटात डोपिंग साथीसारखं पसरत चाललंय, मास्टर्स शर्यतींत मध्यमवयीन व्यावसायिक ईपीओ घेऊन जिंकतायत आणि त्यातले काही तर प्रोफेशनलइतका सराव करतायत, असं आयोगाला सांगण्यात आलं होतं.

हे हवेतलं नव्हतं. २०११ मध्ये अमेरिकेत ३० ते ३४ वयोगटाची मास्टर्स रोड शर्यत जिंकणारा सायकलपटू एफाप्रॉक्सिरलमध्ये सापडला. कॅन्सरच्या रेडिएशन उपचारांसाठी तयार केलेलं हे औषध. पुढं २०१६ मध्ये त्यानंच इतर खेळाडूंना ईपीओ विकल्याचं कोर्टात कबूल केलं. २०१२ च्या ग्रॅन फोंडो न्यूयॉर्कमध्ये आयोजकांनी स्वतःहून चाचण्या करून घेतल्या तेव्हा चाळिशीतले दोन हौशी सायकलस्वार ईपीओसाठी पॉझिटिव्ह निघाले. दोघांचाही सायकलिंगवर पोट भरण्याशी संबंध नव्हता.

आता यातला सगळ्यात मोठा विनोद. नेदरलँड्सच्या संशोधकांनी ४८ चांगल्या सराव केलेल्या हौशी सायकलपटूंवर प्रयोग केला. निम्म्यांना आठ आठवडे ईपीओ, निम्म्यांना नुसतं सलाईनचं पाणी. कुणाला काय दिलंय हे ना त्यांना माहीत, ना तपासणाऱ्यांना. शेवटी सगळ्यांना आधी १०० किलोमीटरहून जास्त चालवायला लावून फ्रान्समधल्या मोंट व्हाँतू या प्रसिद्ध चढावर सोडलं. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट हिमॅटॉलॉजी’त निष्कर्ष छापून आले. प्रयोगशाळेतल्या कमाल क्षमतेच्या चाचणीत ईपीओवाले पुढं होते. पण डोंगरावर? दोन्ही गटांचा सरासरी वेळ जवळपास सारखाच, साधारण १ तास ४० मिनिटं.

या प्रयोगावर टीकाही झाली. डोस कमी होता, प्रोफेशनलमध्ये परिणाम वेगळा दिसू शकतो वगैरे. त्यामुळं ‘ईपीओनं काहीच होत नाही’ असा अर्थ काढणं चुकीचं ठरेल. हौशी माणसासाठी मात्र यात विचार करण्यासारखं बरंच आहे. कारण धोका तर नक्की असतो. ईपीओनं रक्त दाट होतं, गुठळी व्हायची शक्यता वाढते. विशीतल्या खेळाडूच्या रक्तवाहिन्या स्वच्छ असतात. पन्नाशीतल्या माणसाच्या हृदयाच्या धमनीत ४० टक्के ब्लॉकेज असेल आणि त्याला स्वतःलाच ते माहीत नसेल. त्यात दाट रक्त, त्यात घाम जाऊन कमी झालेलं पाणी, त्यात चढ. प्रोफेशनल खेळाडूच्या मागं निदान संघाचा डॉक्टर असतो. इथं इंटरनेटवरून आलेलं पार्सल आणि बाथरूमचा आरसा, एवढीच यंत्रणा.

औषध नको असेल तर मोटर!

काहींनी सुया टाळून दुसरा मार्ग शोधला. ऑक्टोबर २०१७ मध्ये फ्रान्सच्या दॉर्दोन्य भागात एका छोट्याशा स्थानिक शर्यतीत ४३ वर्षांचा हौशी सायकलपटू पकडला गेला. सायकलच्या नळीत छोटी मोटर लपवलेली होती. अचानक चांगली कामगिरी सुरू झाल्यानं इतरांना संशय आला होता. बचावात तो म्हणाला, पाठ आणि पाय दुखायचे, त्रास कमी व्हावा म्हणून लावली. त्याच्यावर पाच वर्षांची बंदी आली आणि प्रकरण कोर्टात गेलं. त्याच वर्षी जुलैमध्ये इटलीतही पन्नाशीतला एक हौशी स्वार मोटरसह सापडला होता, उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्यामुळं.

चोरी चोरीच असते. तरी त्याच्या बोलण्यातला ‘दुखतं’ हा शब्द सोडून देता येत नाही. मास्टर्समधल्या फसवणुकीच्या गोष्टी वाचत गेलं की लोभापेक्षा हाच सूर जास्त ऐकू येतो. कालपर्यंत जमत होतं ते आज जमत नाही, आणि ज्या ग्रुपबरोबर दर रविवारी निघतो त्यांच्या मागं पडायला लागलो.

मग चाचण्या का वाढवत नाहीत?

पैसा. एका नमुन्याची चाचणी काही हजार रुपयांत उरकत नाही. नमुना घेणारा प्रशिक्षित माणूस, सीलबंद बाटल्या, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेपर्यंतचा प्रवास, हे सगळं धरा. दोनशे-तीनशे जणांच्या शर्यतीच्या आयोजकाला ॲम्ब्युलन्स आणि केळी-पाण्याचं बजेट जमवताना नाकीनऊ येतात. बहुतेक हौशी शर्यतींत कुणीही येत नाही, आणि सगळ्यांना ते माहीत असतं.

दुसरी अडचण नियमांची. ऑलिम्पिक खेळाडूसाठी लिहिलेला कायदा शाळामास्तराला लावायचा कसा? जागतिक डोपिंगविरोधी संस्था म्हणजे वाडा. तिच्या २०२१ पासूनच्या संहितेत ‘रिक्रिएशनल ॲथलीट’ अशी वेगळी व्याख्या आली. अशा खेळाडूनं स्वतःची मोठी चूक नव्हती हे दाखवलं तर शिक्षा नुसत्या समजेपासून जास्तीत जास्त दोन वर्षांच्या बंदीपर्यंत असू शकते आणि त्याचं नाव जाहीर करण्याची सक्ती नाही. कार्ल ग्रोव्ह यांचं प्रकरण आज घडलं असतं तर कदाचित त्यांच्या नावाचे मीम झाले नसते.

ही सुधारणा माणुसकीची आहे, पण अर्धीच. चुकून सापडलेल्याला ती वाचवते. ठरवून घेणाऱ्याला पकडण्यासाठी तिचा उपयोग नाही, कारण त्याच्यापर्यंत बाटली घेऊन कुणी पोचतच नाही.

महाराष्ट्रात याचं काय?

आपल्याकडच्या चाळिशीपुढच्या सायकलवाल्यांची मोठी गर्दी वेगळ्या वाटेनं तयार झाली. २०१५ मध्ये नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी दोघांच्या टीमनं रेस ॲक्रॉस अमेरिका पूर्ण केली आणि गावोगावच्या सायकल ग्रुपना हुरूप आला. पण बहुतेकांनी धरला तो बीआरएमचा रस्ता. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ६०० किलोमीटर ४० तासांत. वेळेत पोचलात की झालं. पहिला नंबर नाही, दुसरा नाही. पहाटे तीनला महामार्गावरच्या टपरीवर चहा पिणारा इंजिनिअर आणि त्याच्या आधी दोन तास पोचलेला तरुण, दोघांना मिळणारं मेडल सारखंच.

नंबर नसल्यामुळं फसवण्याचं कारणही कमी होतं. पूर्ण जात नाही, हेही खरं. २००३ मध्ये स्टुअर्ट स्टीव्हन्स या अमेरिकी लेखकानं प्रयोग म्हणून ईपीओ, ग्रोथ हार्मोन आणि स्टेरॉईड घेतली आणि ‘आउटसाइड’ मासिकात त्यावर लेख लिहिला. ती घेऊन तो उतरला होता पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिसमध्ये. आपल्या बीआरएमवाल्यांची पंढरी असलेली १२०० किलोमीटरची राइड.

आता मात्र नंबरांच्या शर्यती वाढतायत. वयोगट, पोडियम, सेल्फी, स्ट्राव्हावरचा मुकुट. पुणे ग्रँड टूरनंतर हे आणखी वाढेल असं समजायला हरकत नाही. त्याच वेळी आजूबाजूला काय उपलब्ध आहे ते बघा. मेफेन्टरमाइन इंजेक्शनचा बेकायदा साठा पुण्या-मुंबईत पोलिसांनी पकडल्याच्या बातम्या अधूनमधून येत असतात. ऑपरेशनच्या वेळी पडलेलं ब्लड प्रेशर वर आणण्याचं हे औषध, जिममध्ये ते ‘एनर्जी’साठी विकलं जातं. ते वाडाच्या यादीत आहे. २०२४ मध्ये भारतातल्या बाजारातल्या ३६ प्रोटीन पावडरींचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात सुमारे ७० टक्के डब्यांवरचा प्रोटीनचा आकडा चुकीचा निघाला. प्रोटीनच्या आकड्याची ही गत असेल तर बाकीच्या मजकुराचं काय?

भारताचा एकूण रेकॉर्डही अभिमानाचा नाही. २०२४ मध्ये ७,११३ नमुन्यांत २६० पॉझिटिव्ह. हजारोंनी चाचण्या करणाऱ्या देशांत आपलं प्रमाण सर्वांत वरचं. हे आकडे प्रामुख्यानं स्पर्धात्मक खेळाडूंचे आहेत, हौशींचे असे आकडे हातात असण्याइतक्या चाचण्याच होत नाहीत.

बीपीची गोळीसुद्धा?

या सगळ्यात साध्या, प्रामाणिक, पन्नाशीतल्या सायकलवाल्याला सर्वांत जास्त लागू होणारी गोष्ट मात्र कुणी सांगत नाही. हायड्रोक्लोरोथायझाइड हे नाव आपल्या गोळीच्या पाकिटावर शोधा. बीपीच्या अनेक गोळ्यांच्या नावापुढं ‘एच’ असतो, तो बऱ्याचदा याच घटकाचा. हे लघवी वाढवणारं औषध आहे, त्यामुळं नमुना पातळ होतो आणि इतर औषधं लपू शकतात. म्हणून ते वाडाच्या यादीत आहे, शर्यतीच्या दिवशीच नाही तर वर्षभर. डायबेटिसवाल्यांचं इन्सुलिनही यादीत आहे. मेटफॉर्मिन नाही. गुडघ्यात घेतलेलं स्टेरॉईडचं इंजेक्शन २०२२ पासून शर्यतीच्या काळात चालत नाही. ट्रामाडॉल ही वेदनाशामक गोळीही २०२४ पासून शर्यतीच्या काळात बंद. दम्याचा सालब्युटामोलचा पंप ठराविक मर्यादेत चालतो. आणि हो, कॉफी चालते.

याचा अर्थ गोळी बंद करायची असा अजिबात नाही. मेडलसाठी बीपीची गोळी सोडणं हा डोपिंगपेक्षा मोठा मूर्खपणा ठरेल. लायसन्स घेऊन अधिकृत स्पर्धेत उतरणार असाल तर डॉक्टरला आधी सांगायचं, की मी शर्यतीत उतरतो, यादीत नसलेला पर्याय आहे का? बीपीसाठी बऱ्याचदा असतो. नसेल तर टीयूईसाठी अर्ज करता येतो. राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय पातळीवर न खेळणाऱ्या हौशी खेळाडूची चाचणी झालीच, तर त्यानंतरही मागाहून अर्ज करण्याची मुभा नियमांत आहे, फक्त उपचाराची कागदपत्रं जपून ठेवलेली हवीत. कुठलं औषध यादीत आहे हे तपासण्यासाठी आपल्या नाडानं, म्हणजे राष्ट्रीय डोपिंगविरोधी संस्थेनं, ‘नो युवर मेडिसिन’ ही सोय ऑनलाइन केली आहे. गोळीचं नाव टाकायचं आणि बघायचं.

आयोजकांनाही एक गोष्ट फुकटात करता येण्यासारखी आहे. एन्ट्री फॉर्मवर टी-शर्टचा साइज विचारतात, रक्तगट विचारतात. त्याखाली आणखी दोन ओळी टाकायच्या, चालू औषधं कोणती आणि ती यादीत तपासली का. पहिल्या ओळीचं उत्तर रस्त्यात कुणी कोसळलं तर ॲम्ब्युलन्समधल्या डॉक्टरलाही लागणारच असतं.